आईचं रक्त आणि माझी कॉफी

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., रसायनशास्त्र. उमरग्यात हायवेच्या कडेला फिल्टर कॉफीचं दुकान आहे, तेही माझंच. या दोन गोष्टी मी नेहमी एका दमात सांगते, कारण लोकांना त्या एकत्र ऐकायची सवय नाही. पदवी सांगितली की म्हणतात, मग नोकरी कुठं? दुकान सांगितलं की म्हणतात, मग शिकलीस कशाला? माझ्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा उपयोग मला या दुकानामुळंच झाला, आणि तो माझ्या आईच्या जिवासाठी झाला. ते कसं, हे सांगायचं तर आधी आमच्या जळकोटात कॉफी म्हणजे काय होती ते सांगावं लागेल.

जळकोट माझं माहेर. आमच्या गल्लीत कॉफी हे प्यायचं पेय नव्हतंच, ते औषध होतं. तेही एकाच रोगावरचं. ढाळ लागले की कोरी कॉफी करायची, त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि नाक धरून घोटायची. पोट थांबायचं. किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी कॉफीच्या पुड्यांची माळ लटकलेली असायची. एक पुडी मागितली की दुकानदार ती तोडता तोडता विचारायचा, कुणाचं पोट बिघडलं? मग संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला खबर, की अमक्याच्या घरी टमरेल खाली ठेवायला सवड नाही. पाहुण्याला कॉफी देणं म्हणजे तर त्याला आजारी ठरवणं. त्यामुळं पाहुण्याला चहा, आम्हाला चहा, सकाळी शिळी भाकरी कुस्करून खायची तीही चहातच.

बी.एस्सी. झाल्यावर माझं लग्न झालं. नवरा तेव्हा गुलबर्ग्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. तिथं बाजारात कॉफीचे दाणे भाजून, दळून विकणारं एक जुनं दुकान होतं. मालक कानडी, वयस्कर. त्यांना वजनकाट्यावर बसायला माणूस पाहिजे होतं. मी गेले. शिक्षण विचारलं, सांगितलं. रसायनशास्त्र ऐकून ते म्हणाले, "मग काट्यावर कशाला बसतेस, अम्मा? भट्टीवर ये."

भट्टीवर मी कॉफी शिकले. अरेबिका उंच डोंगरावर सावलीत होते, वासाला गोड, चवीला किंचित आंबूस. रोबस्टा कडवट, अंगानं दणकट, आणि कॅफीनही तिच्यातच जास्त. एका फळात बहुतेक वेळा दोन दाणे असतात, एका बाजूनं चपटे. क्वचित एखाद्या फळात एकच गोल दाणा निघतो, वाटाण्यासारखा. त्याला पीबेरी म्हणतात आणि त्याचा भाव वेगळा. चिकोरी म्हणजे कॉफीच नव्हे, ते एक मूळ आहे. भाजून, दळून कॉफीत मिसळतात, त्यानं कॉफीला रंग आणि दाटपणा येतो, पण त्यात कॅफीन नसतं. म्हणून चिकोरी जास्त घातलेली कॉफी दिसायला कडक आणि कामाला मऊ. भाजताना दाणा तडतडतो, त्या आवाजावर कान ठेवायचा. हे सगळं मी कानडी शब्दांसकट शिकले आणि मला ते आवडलं. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात घेतल्यावर जो हुरूप यायचा, तोच भट्टीवर यायचा.

पुढं नवऱ्याचं ऑफिस बंद झालं. त्याचं गाव उमरग्याजवळ. आम्ही परत आलो आणि हायवेला एक गाळा घेऊन दुकान टाकलं. दुकान उघडलं त्या दिवशी जळकोटहून माझी चुलती आली होती. जिभेला हाड नाही अशी बाई, पण लग्नकार्याला, दुखण्याखुपण्याला पहिली हजर. तिनं आत डोकावून पाहिलं, भांडी पाहिली, आणि चार माणसांत मला विचारलं की दिवसभर काय ढाळवाल्यांची रांग लावणार का गं. सगळे हसले. मीही हसले. आणि खरं सांगते, दुसऱ्याच दिवशी एक माणूस पोट धरून आला आणि म्हणाला, ताई, लिंबू मारून एक कोरी द्या. मी दिली. तोच माणूस पुढच्या आठवड्यात पोट बरं असताना आला, फिल्टर कॉफी प्यायला आणि त्यानंतर येतच राहिला.

आता माझ्याकडं हैदराबादकडचे ट्रकवाले थांबतात, कर्नाटकातले एसटीचे ड्रायव्हर थांबतात. त्यांना रोबस्टा जास्त आणि चिकोरी कमी असलेली लागते. कॉलेजची पोरं कोल्ड कॉफी मागतात. ती पोरं कॉफीपेक्षा साखरेवरच जगतात, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगते. उपाशी पोटी कडक मागणाऱ्याला आधी बिस्किट घ्या म्हणते. छातीत धडधडतं म्हणणाऱ्याला दुसरा कप देत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारी दुकानदारीण म्हणून माझं नाव झालंय, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता आईला.

आईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपण केलं. मी बारावीत असताना वडील गेले, तरी तिनं मला कॉलेज सोडू दिलं नाही. ती पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा मी तिला स्टीलच्या वाटी-पेल्यात फिल्टर कॉफी दिली. तिनं आधी लिंबू कुठाय ते विचारलं. नाही म्हटल्यावर घाबरत घाबरत घोट घेतला. दुसरा घोट स्वतःहून घेतला. मग म्हणाली, "ही कॉफी? मग आमी आजपातूर काय पीत व्हतो?"

त्या दिवसापासून तिनं चहा सोडला. एक स्टीलचा फिल्टर आणि पावडरीचा डबा घेऊन ती जळकोटला गेली. वरच्या भांड्यात पावडर दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, खाली थेंब थेंब अर्क उतरेपर्यंत हात लावायचा नाही, हे सगळं ती एका दिवसात शिकली. त्या अर्काला ती 'डिकाशन' म्हणायची आणि तो शब्द बायकांसमोर मुद्दाम वापरायची. सकाळी कॉफीत भाकरी कुस्करायची, दुपारी जेवणावर कॉफी, संध्याकाळी कॉफी. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की पांढऱ्या लुगड्यातल्या सगळ्या बायकांना तिची कॉफी. माझ्या लेकीनं हातानं भाजलीय, असं प्रत्येक पेल्यामागं सांगायची. जिच्या दारात कधी कुणी बसायला आलं नव्हतं, तिच्या दारात बायका सकाळपासून यायला लागल्या. मला सांगा, कुठल्या लेकीला हे गोड वाटणार नाही?

आणि मग आई दमायला लागली.

आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग कळलं की तिच्या अंगावरून फार जात होतं, कित्येक महिने, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. विहिरीवरून घागर आणताना मधे बसावं लागायचं. मी तिला उमरग्यातल्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. सोनोग्राफी झाली. पिशवीत गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, मॅडम म्हणाल्या, पण या रक्तावर मी हिला टेबलावर घेणार नाही. आधी रक्त वाढलं पाहिजे. रक्तस्राव कमी करायचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. आई म्हणाली, मी चहाला शिवत न्हाय. मॅडम खूश झाल्या.

आम्ही पुन्हा गेलो. रक्तस्राव पुष्कळ कमी झाला होता, पण रक्त जवळजवळ होतं तिथंच होतं. मॅडमनी गोळ्या बदलल्या. त्यानंतर पुन्हा गेलो, तरी तेच. आता मॅडमचा आवाज चढला. गोळ्या घेता की फेकून देता, असं त्यांनी सरळ विचारलं. आमच्याकडं बऱ्याच बाया तसं करतात, त्यांचंही चुकलं नव्हतं. आई ताठ झाली. "म्या एक बी गोळी टाकली न्हाय," ती म्हणाली. "आन वरीस झालं, चहाचा थेंब घेतला न्हाय. इचारा माझ्या लेकीला."

मी होय म्हटलं. खरंच होतं ते.

मॅडमनी मला बाहेर बोलावून सांगितलं की असंच राहिलं तर बाहेरचं रक्त चढवावं लागेल, जास्त थांबता येणार नाही, परत रक्तस्राव वाढला तर जिवावर बेतेल. मी दुकान नवऱ्याच्या हवाली केलं आणि आईबरोबर जळकोटला राहायला गेले. खरं तर माझ्याही मनात शंका होती. ही बाई गोळ्या चुलीत टाकते की काय, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

सकाळी आईनं फिल्टर उतरवला. एका पेल्यात दुधाची कॉफी केली, भाकरी कुस्करली. दुसऱ्या पेल्यात थोडी कोरी कॉफी घेतली, त्यात लिंबू पिळलं. मग गोळी जिभेवर ठेवली आणि त्या कोऱ्या कॉफीबरोबर गिळली. माझ्यासमोर, अगदी सहज. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं.

मी विचारलं, हे काय? तिनं मलाच समजावून सांगितलं. गोळीनं पोट ढिलं होतं, म्हणून वर कॉफी. गोळी रक्त करेल, कॉफी पोट धरेल. औषधावर औषध. जळकोटात लहानपणापासून जे ठरलेलं होतं तेच ती करत होती, फक्त आता घरात लेकीची कॉफी होती, म्हणून रोज करत होती. मॅडमनी चहा विचारला होता. कॉफी कुणी विचारलीच नव्हती.

मला एकदम आमची प्रयोगशाळा आठवली. चहात, कॉफीत, हिरड्यात जी तुरट द्रव्यं असतात, ती लोहाला धरून बसतात. लोखंडी कढईत चहा उकळला की तो काळा पडतो, तो त्यामुळंच. पोटात तेच होत होतं. आई गोळी घेत होती, आणि माझी कॉफी ती गोळी बांधून ठेवत होती; चार थेंब लिंबानं ती गाठ सुटणारी नव्हती. गोळीतलं लोह तिच्या अंगी लागायच्या आधीच बाहेर जात होतं. रक्त कमी झालं ते गाठीमुळं, कॉफीमुळं नाही. पण कमी झालेलं भरून येत नव्हतं, त्याला कॉफी कारण होती.

तोंडानं सांगून आई ऐकणारी नव्हती. मी दोन काचेचे ग्लास घेतले. एकात भरपूर पाणी आणि थोडंसं डिकॉक्शन, आरपार दिसेल इतकं पातळ. दुसऱ्यात लिंबूपाणी. एका गोळीवरचा लाल थर खरवडून काढला, गोळी कुटली आणि अर्धी अर्धी दोन्हीत टाकली. ढवळली. आई चुलीपुढून उठून जवळ आली. लिंबूपाणी जरासं पिवळसर झालं, एवढंच. कॉफीचं पाणी हळूहळू गढूळ झालं, मग हिरवट काळं, मग तळाला काळा गाळ बसला.

"शाई झाली की गं," आई म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या पोटात रोज ही शाई होते. ती खाली बसली. ग्लास उचलून तिनं उजेडात धरला. मला वाटलं, पटलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. तिनं उठून दार लोटलं, ग्लास मोरीत ओतला, राखेनं घासला आणि मला म्हणाली, "ही गोष्ट भायेर बोलायची न्हाय."

मी विचारलं, का?

"लोक काय म्हणतील? लेकीच्या कॉफीनं मायचं रगत खाल्लं म्हणतील. सगळ्या गल्लीला म्या पाजलीय. तुजं दुकान बसंल."

"बसू दे दुकान. तू उठली पायजेस."

ती रडली नाही. आमच्या घरात रडायची पद्धत कमी. पण तिला खरंच भीती होती, आणि ती स्वतःच्या जिवाची नव्हती. ती म्हणाली की गोळी पाण्यासंगट घेईन, पण बायकांसमोर कॉफी पिणं सोडणार नाही, नाहीतर त्या विचारतील का सोडली. जेवणाच्या वेळीच त्या येतात, तेव्हा त्यांच्यासोबत प्यायचीच. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा विचारला आणि कॉफी राहिली, असं स्वतःशीच म्हणाल्या. गोळी आणि कॉफीत दोन तासांचं अंतर ठेवा, जेवणालाही तेच, गोळी लिंबूपाण्याबरोबर चालेल, आणि पोट ढिलं होत असेल तर दुसरी गोळी लिहून देते, असं त्यांनी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आईनं ऐकलं, पण तिचा हट्ट सुटला नाही.

मग मी ठरवलं की तिच्या वतीनं मीच बोलायचं. चार दिवसांत पौर्णिमा होती. वंदना झाली, कॉफीचं पातेलं आलं, आणि पेले भरायच्या आधी मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. मी सरळ सांगितलं की कॉफी माझीच आहे, चांगली आहे, पण ज्या बाईचं रक्त कमी आहे, जी रक्ताच्या गोळ्या घेते, जी पोटुशी आहे, तिनं ती जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर घ्यायची नाही. पोटुशीनं तर एरवीही थोडकीच. चहालाही हाच नियम. आईचं काय झालं, ग्लासात काय दिसलं तेही सांगितलं. आई खांबाला टेकून खाली बघत होती.

चुलती बोललीच. "म्हंजी आपल्याच मालाला खोट काढायला आलीस व्हय?"

"खोट मालात न्हाय, काकी. वेळेत हाय."

"आन तुमची मॅडम म्हणली तर उद्या भाकरी बी सोडायची का?"

"भाकरी खावा. वरून लिंबू पिळून भाजी खावा. कॉफी दोन घंट्यांनी."

बायका कुजबुजल्या. बऱ्याच जणींनी पेला घेतलाच नाही. पातेलं अर्धं उरलं. आईनं ते उचललं आणि घरी घेऊन आली. वाटेत ती माझ्या पुढं पुढं चालत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्याशी महिनाभर बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास चुलती दारात आली. तिच्या सुनेला सहावा महिना होता आणि तिलाही त्याच लाल गोळ्या चालू होत्या. चहाबरोबरच चालू होत्या. ती आईला म्हणाली, तुझ्या लेकीनं तो ग्लासातला खेळ केला म्हणं, आमच्या सुनंला दाखव. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी ग्लास धुवायला घेतले, तर आईनं ते माझ्या हातातून काढून घेतले. तिनंच गोळी खरवडली, तिनंच ढवळलं, आणि पाणी काळं पडायला लागलं तेव्हा सुनेला म्हणाली, बघ, हे डिकाशन गोळीला धरून ठेवतंय. मग कॉफीला दुपारच्या चारचीच वेळ ठरली. जेवण होऊन दोन तास झालेले, रात्रीचं जेवण लांब. बायका पुन्हा यायला लागल्या, चारला. जेवणाच्या वक्ताला आलेल्या बाईला आई दारातूनच पाणी देऊन परत पाठवायची.

दुकान बसलं नाही. थोडं हललं मात्र. शेजारच्या खाणावळीचा मालक थाळीबरोबर माझी कॉफी मागवायचा. मी त्याला म्हटलं की पुरुषगड्यांना देते, पण पांढऱ्या ओठांची बाई असली तर मी विचारणार. तो म्हणाला, ताई, तुम्ही कॉफी विकता का दवाखाना चालवता? त्यानं कॉफी बंद केली. पण दवाखान्यातून निघालेल्या बाया आता माझ्याकडं थांबून विचारतात की गोळी घेऊन किती वेळ झाला, आता चालंल का. ज्या बाईला नाही म्हणते, ती पुढच्या वेळी जाऊबाईला घेऊन येते.

आईचं रक्त वाढायला लागलं. एकदम नाही, पण प्रत्येक तपासणीला थोडं थोडं. ओठांना रंग आला. एका सकाळी मी घरी गेले तर ती विहिरीवरून घागर घेऊन सरळ येत होती, मधे न बसता. मॅडमनी शेवटचा रिपोर्ट बघितला आणि ऑपरेशनची तारीख दिली. बाहेरून रक्त चढवावं लागलं नाही. स्वतःच्या रक्तावर ती टेबलावर गेली, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

ऑपरेशन नीट झालं. दोन-तीन दिवसांनी ती उठून बसली. वॉर्डात शेजारच्या खाटेवर बेंबळीकडची एक बाई होती, तिच्यासारखीच रक्त कमी असलेली. सकाळी तिच्या घरच्यांनी थर्मासमधून चहा आणला. त्या बाईनं एका हातात पेला घेतला आणि दुसऱ्या हातात लाल गोळी. मी दारात उभी होते, डिस्चार्जचं विचारायला निघाले होते. आईनं पोटावर हात ठेवला, टाक्यांना जपत पुढं वाकली आणि त्या बाईचा पेला धरला.

"आदी गोळी, पाण्यासंगट. चहा मग दोन घंट्यांनी."

ती बाई चिडली. म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात का?

"न्हाय. माझ्या लेकीनं सांगितलंय."

"लेक डॉक्टर हाय का?"

"ती कॉफी इकती," आई म्हणाली. "बी.एस्सी. हाय."

बाईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग पेला खाली ठेवला आणि पाणी मागितलं.